बंदरांच्या नावाच्या गाई

चाचांच्या दुकानात मटण घ्यायला गेलेल्या माणसाची आधी तोंडी परीक्षा व्हायची. मस्कतमधल्या हमरियाच्या गल्लीतलं एवढंसं दुकान. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने रस्त्यावर उन्हात उभं राहायचं. चाचा काउंटरमागे उंच स्टुलावर, पायात गमबूट, हातात सुरी, आणि चेहरा असा की आपण काहीतरी चोरायला आलोय.

"घरात माणसं किती?"

"पाच."

"त्यातले चावणारे किती?"

गिऱ्हाईक हसायचं. चाचा हसायचे नाहीत. पुढचा प्रश्न यायचा, "कुकर की पातेलं?" इथे निम्मे लोक नापास. कुकर म्हटलं की चाचा सुरी खाली ठेवायचे आणि समोरच्या सुपरमार्केटाकडे बोट दाखवायचे. "तिकडे ब्राझीलचं फ्रोझन हाय. त्याला कुकरच बरा. माझं जनावर डोंगर चढून-उतरून वाढलंय. त्याच्यावर शिट्ट्या मारायच्या नाय."

एकदा एका इंजिनिअरबाईंनी तिथल्या तिथे भांडण काढलं. पैसे आम्ही देणार, कुकरमध्ये शिजवू नाहीतर इस्त्रीखाली ठेवू, तुम्हाला काय करायचंय? चाचा शांतपणे म्हणाले, "ताई, पोरगी लग्नात देताना सासर बघतो ना आपण?" बाई तरातरा निघून गेल्या. पुढच्या शुक्रवारी परत आल्या, पातेलं विकत घेऊन, आणि ते पिशवीतून काढून दाखवलंसुद्धा. असा धंदा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मी म्हणायचो, "चाचा, तुम्ही गिऱ्हाईक हाकलायचं दुकान काढलंय." तर म्हणायचे, "जनावरं मोजकी हायत रे. माणसं काय, या रुवीच्या बाजारात ढिगाने पडलीत."

मी त्यांचा फ्रीजवाला. मस्कतच्याच गाला नावाच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये कोल्ड रूम आणि थंडीच्या व्हॅना दुरुस्त करणं हे माझं काम. मूळचा संगमेश्वराकडचा, राहायला वादी अदाईला. चाचा रत्नागिरीच्या खाडीकाठचे. मस्कतला बोलताना दोघांच्या गावांमधलं अंतर नकाशात कमी झालं की काय कोण जाणे, पहिल्याच दिवशी त्यांनी मला "अरे थंडीवाल्या" अशी हाक मारली आणि ती कायमची चिकटली. माझ्या बायकोनेसुद्धा उचलली.

आता एक गोष्ट सांगून टाकतो. मी मोठ्याचं, म्हणजे गाईबैलाचं, खात नाही. हे मी चाचांना कधी सांगितलं नाही आणि त्यांनी मला कधी विचारलं नाही. पण ज्या ज्या दिवशी मी त्यांच्याकडे कामाला असे, त्या दिवशी चाचींच्या डब्यात बांगड्याचं तिखलं असायचं, वेगळ्या डब्यात, वेगळ्या फडक्यात बांधलेलं. गावी आमच्या आबांनी एकदा फोनवर विचारलं होतं, "तिकडे नक्की काय दुरुस्त करतोस?" म्हटलं, "फ्रीज." "फ्रीजमध्ये काय असतं?" म्हटलं, "थंडी." विषय संपला. चाचांना हा किस्सा सांगितला तेव्हा ते इतके हसले की स्टुलावरून उतरावं लागलं.

माणूस नाकाचा होता. डोळ्यांनी बघायच्या आधी वास घ्यायचा. माझ्या व्हॅनमध्ये डोकं घालून सांगायचा, "इथे आठवड्यापूर्वी कुणीतरी कोंबडी नेलीन." आणि नेलेली असायची! मला शरम वाटायची, पण हात जोडावेसे वाटायचे. लग्नाला गेले तरी बिर्याणीचं झाकण आधी स्वतः उघडायचे. यजमानाने मिठी मारली तरी ते त्याच्या खांद्यावरून पातेल्याकडे बघत असायचे. आणि पायात गमबूट. निकाहालासुद्धा. चाची म्हणायच्या, "माझ्या निकाहाला चपला घातलेल्या, हे नशीब माझं."

तर या नाकामुळे सगळं झालं.

चाचांचा कळप सलालाच्या वरच्या डोंगरावर होता. मस्कतहून तिकडे जायचं म्हणजे दिवसभर वाळवंट कापायचं, आणि मग एकाएकी समोर डोंगर येतो आणि अरबस्तानात आपण आहोत हेच खरं वाटेनासं होतं. पावसाळ्यात तिथे धुकं उतरतं, बारीक भुरभुर असते, सगळा डोंगर हिरवागार. त्या मोसमाला ते लोक खरीफ म्हणतात. धुकं उठलं की पुढचा मोसम सर्ब, तो खरा चरायचा काळ. कळपात भागीदार होता तिथलाच एक डोंगरी ओमानी. आम्ही त्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायचो. चाचा त्याला अर्बाब म्हणायचे आणि वागवायचे मात्र धाकट्या भावासारखं. "चूप बैठ, अर्बाब" हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

त्या गाई पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी मोठ्याने हसलो. मला वाटलेलं, अरबांची गाय म्हणजे उंटाच्या मापाची असणार. जेमतेम कमरेला लागणारी, काळपट तांबूस, आखूड शिंगं, पाठीवर एवढंसं वशिंड. म्हटलं, "चाचा, ही तर आपली गावठी गाय!"

"मग मी काय सांगतोय? फक्त हंबरते अरबीत."

चाचांचं म्हणणं असं की ही गाय थोडकं खाते, दगडातून चालते, गोचिडाला जुमानत नाही. बाहेरून आणलेल्या धिप्पाड गाईंना पंखे लागतात, पाण्याचे फवारे लागतात, "म्हणजे तू लागतोस, थंडीवाल्या. हिला तू लागत नाहीस." आणि हिचं मटण लाल, घट्ट, नीट टांगून मुरवलं तर तोंडात विरघळणारं. मुरवण्याच्या त्या कोल्ड रूमची थंडी मी सांभाळायचो. चवीचं मला विचारू नका.

गाईंना नावं होती बंदरांची. चाचांचे वडील जुन्या काळी कोकणच्या आगबोटीवर खलाशी होते, त्यांच्या तोंडून लहानपणी पाठ झालेली बंदरं चाचांनी गाईंना वाटून टाकली होती. संध्याकाळी गोठ्याच्या तोंडाशी उभे राहून हजेरी घ्यायचे, आणि तीही आगबोटीच्या क्रमाने. श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, पूर्णगड, जैतापूर. एखादी मागे राहिली की ओरडायचे, "अर्बाब, आज जयगड लागलं नाय!" आणि तो बिचारा ओमानी कमरेचा खंजीर सावरत डोंगरात जयगड शोधायला पळायचा. विकायच्या खोंडांना नाव नव्हतं. त्या सगळ्यांना मिळून एकच शब्द, उतारू. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, "उतारू उतरतो. बंदर जाग्यावर राहतं." एवढं बोलून ते खोंडाच्या मानेवरची गोचीड काढत बसले.

अर्बाबची आई हा एक वेगळाच प्रकार होता. म्हातारी लहानखुरी, काळ्या ओढणीत, आणि बोलायला सुरुवात केली की डोंगर ऐकायचा. ती बोलायची तिथल्या डोंगरी भाषेत, जी मस्कतच्या अरबांनाही कळत नाही. अर्बाब त्याचं मोडक्या हिंदीत भाषांतर करायचा आणि अर्धं गाळायचा. म्हातारीचं आणि चाचांचं एका गोष्टीवरून कायमचं वाजलेलं होतं. ती गोष्ट म्हणजे तारल्या.

त्या मुलखात उन्हाळ्यात गवत संपलं की जनावरांना सुकी मासळी घालतात. समुद्रावर तारल्यांचे गालिचे वाळत पडलेले असतात, ते गोण्यांत भरून डोंगरावर येतात, आणि गाई ते कुरुमकुरुम खातात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन पावलं मागे सरलो. आमच्याकडे सुकट माणसाच्या पानात, इथे गाईच्या गव्हाणीत! पण चाचांचं दुःख निराळं होतं. मटणाला वास यायचा. तुम्हाआम्हाला आला नसता. त्यांना यायचा. मांडीचा तुकडा नाकाशी धरून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हर्णैचा बाजार." मासळीचा वास मासळीला शोभतो, गाईला नाय, हे त्यांचं पालुपद.

एका उन्हाळ्यात त्यांनी तारल्या बंद केल्या. सगळ्या कळपाच्या. त्याऐवजी वाळवंटातल्या शेतांवरून सुक्या गवताचे गठ्ठे आणायला लागले. म्हातारी दारात उभी राहून पुष्कळ वेळ बोलली. अर्बाब म्हणाला, "मां बोलता है, गाय का मर्जी पूछो." चाचा म्हणाले, "मां को बोलो, गाय मेरा है." मग अर्बाबने काय भाषांतर केलं देव जाणे, पण म्हातारीने त्या दिवसापासून चाचांना चहा देणं थांबवलं. दूध न घातलेला गोड चहा, वेलदोड्याचा. त्याची चाचांना चटक होती, म्हणून ते चिडले होते, पण माघार घेतील तर ते चाचा कसले.

वास गेला, हे मान्य करायला पाहिजे. पुढच्या खेपेचं मटण मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलच्या शेफने नेलं आणि तो स्वतः हमरियात आला, त्या गल्लीत, पांढऱ्या कपड्यांत. चाचांनी त्यालाही कुकरचं विचारलं. शेफ पास झाला. त्याला म्हणे प्रत्येक मोसमात हेच मटण हवं होतं. चाचा त्या दिवशी एवढे खूश होते की एका कुकरवाल्याला त्यांनी अर्धा किलो दिलं.

आता कुंपणाची गोष्ट, ती याच्या बरीच आधी सुरू झालेली. अर्बाबच्या गावाच्या वरच्या अंगाला डोंगराचा एक उतार सरकारी खात्याने तारेने बंद केलेला होता. तिथे डोंगरावरचं मूळचं झाड पुन्हा लावायचं चाललं होतं. ते झाड पाहून चाचा म्हणाले होते, "अरे, हा तर आपला धावडा!" अगदी तोच नसेल, पण चुलतभाऊ नक्की. कुंपणाच्या बाहेर उंटांनी आणि लोकांच्या कळपांनी डोंगराचा तुळतुळीत गोटा करून ठेवलेला. आत एकही जनावर नाही, तर गवत माणसाच्या छातीला लागलं. रोपं त्या गवतात गुदमरायची, आणि सर्ब संपला की ते वाळून पेटायला तयार. सहलीला आलेल्या कुणाच्या तरी शेगडीची ठिणगी पडून एक कोपरा जळालासुद्धा.

या रोपांवर देखरेख करणारी एक ओमानी बाई होती. तिशी-पस्तिशीची, अबायाच्या खाली डोंगर चढायचे बूट, हातात मोजपट्टी. आम्ही तिला झाडवाली म्हणायचो. जळालेल्या कोपऱ्यात ती उभी होती तेव्हा चाचा तारेला टेकून तिला म्हणाले, आपल्या दुकानी अरबीत, "बाई, गवत खाणारं तोंड नसेल तर गवत झाडाला खातं. माझ्या थोड्या गाई आत सोड. या डोंगरावरच्याच हायत, यांना काय खायचं ते ठाऊक हाय."

ती हसली नाही. तिने गाई बघितल्या, कागद वाचले, कुणाकुणाला विचारलं आणि बऱ्याच महिन्यांनी परवानगी आणली. फक्त चाचांच्या गाई, फक्त सर्बात, आणि चाचांनी स्वतः तिथे उभं राहायचं. रोपं सोलली गेली तर गाई बाहेर, कायमच्या. माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "त्यांना नीट समजावून सांगा. ऑफिसात मी माझ्या शब्दावर हे मिळवलंय." मी समजावलं. चाचा म्हणाले, "मला अरबी कळते." कुंपणाबाहेर त्यांच्या कळपाला चारा नव्हता. हा उतार गेला तर कळप पोसायला दुसरी जागा नव्हती.

त्यानंतर दर सर्बात हमरियाचं दुकान बंद. शटरवर खडूने लिहिलेलं, "जनावर चरतंय." लोक शिव्या घालायचे. चाचा डोंगरावर दिवसभर छत्री घेऊन गाईंच्या मागे उभे. पहिल्या वर्षी गवत खाली आलं, रोपांना ऊन मिळालं, झाडवालीने पट्टी लावून मोजलं आणि पहिल्यांदा हसली. चाचांनी मला फोन करून सांगितलं, "बाई हसली रे." असा आवाज मी त्यांचा नातवाच्या वेळीही ऐकला नव्हता.

तारल्या बंद केल्या त्या उन्हाळ्यानंतरच्या सर्बात व्हॅनचं काम निघालं म्हणून मी वर गेलो होतो. सकाळी बघतो तर व्हॅनच्या दाराचं रबर गायब. दाराच्या कडेने जी जाड पट्टी असते ती. तिच्याशिवाय थंडी राहत नाही आणि सलालात ती मिळत नाही. शोधत गेलो तर जैतापूर उभी, तोंडातून रबराचं शेपूट लोंबतंय, डोळे मिटून रवंथ. माझं डोकंच फिरलं. "चाचा! तुमच्या गाईने माझं दार खाल्लंन!"

चाचा आले, गाईच्या पोटावरून हात फिरवला आणि असे हसले की जसं काही तिने बक्षीस मिळवलं. "गाभण हाय रे. डोहाळे लागलेत."

आता हसू येतं, पण तेव्हा मलाही ते पटलं. माझी बायको पहिल्या खेपेला पाटीवरची पेन्सिल खायची, वहिनी भिंतीची माती चाटायची. डोहाळे अडवू नयेत, पोराचा कान फुटतो, असं आई सांगायची. चाचींच्या घरीही तेच. गाय दोरी चघळायला लागली, चाचांनी नवी दोरी दिली. जुनं हाड चघळताना सापडली, चाचा म्हणाले, चघळू दे, मन भरू दे. पुढच्या खेपेला येताना मी हमरियातून कैऱ्या नेल्या. हो, नेल्या. चाचांनीच मागवल्या होत्या, आणि आम्ही दोघे कोकणातले बाप्ये तारेशी उभे राहून एका डोंगरी गाईला कैरीच्या फोडी भरवत होतो, मीठ लावून. तिने हुंगल्या आणि माझी बाही चावली. म्हातारी दारातून बघत होती. 

पोटुशी म्हणून चाचा तिला बांधायचे नाहीत. छत्री घेऊन बाकीच्या कळपामागे जायचे, जैतापूर आणि तिच्याबरोबरच्या दोन गाभण गाई तारेच्या आत मोकळ्या. फिरू दे, तिचं मन.

मी मस्कतला परतायच्या आदल्या दिवशी सकाळी कुंपणात गवतावर दव होतं. चाचा पुढे, मी मागे. ते थांबले, म्हणून मी थांबलो. वरच्या अंगाची धावड्याची रोपं, बहुतेक सगळी, गुडघ्याखाली सोललेली होती. पांढरी, ओली. साल गोल फिरवून खाल्लेली. साल गेलेलं रोप जगत नाही हे सांगायला झाडवाली लागत नव्हती.

अर्बाब धावत आला, बघितलं, आणि तारेकडे गेला. एका कोपऱ्यात उंटांनी कधीतरी तार वाकवून ठेवलेली होती. तो तिथून ओरडला, "चाचा! जमल! ऊंट आया, ऊंट खाया. खलास." त्या डोंगरावर सगळं नुकसान उंटांच्या नावावर जातं आणि बहुतेक वेळा खरंही असतं. कुणी प्रश्न विचारला नसता.

चाचा खाली बसून एका रोपाचा वास घेत होते. मग उठले, जैतापूरजवळ गेले, तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडलं आणि दातात अडकलेला सालीचा धागा काढला. तोही हुंगला. मला म्हणाले, "तू काय म्हणतोस?"

मी म्हटलं, "उंट म्हणा." आजही तेच म्हणेन. कळप होता, अर्बाबचं घर होतं, हॉटेल होतं, आणि चूक झाली ती गाईची, तिला काय फाशी द्यायची? चाचांनी ऐकून घेतलं. अर्बाबने गुरांच्या डॉक्टरला फोन लावून चाचांच्या हातात दिला, डॉक्टर सगळं ऐकून एवढंच म्हणाला की सुक्या मासळीत हाडं असतात, गाभण गाईला ती लागतात, मिळाली नाहीत तर ती हाड, साल, रबर, जे सापडेल ते खाते. चाचांनी फोन अर्बाबला परत दिला आणि सोललेली रोपं एकेक करून मोजत गेले. 

दुपारी झाडवाली आली. रोपं बघून तिचा चेहरा उतरला. एकेका रोपाशी वाकली, बोट फिरवलं. मग सरळ झाली, वाकलेल्या तारेकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाली, "उंट आले वाटतं."

अर्बाबने मोठा श्वास सोडला. मीही सोडला.

"नाय," चाचा म्हणाले. मराठीतच निघालं तोंडातून. मग अरबीत, "उंट नाही. माझी गाय आहे." आणि तिला हाताला धरून नेल्यासारखं जैतापूरपाशी नेलं, पुन्हा तिचं तोंड उघडून दाखवलं. "हिची मासळी मी तोडली. मला मटणाला वास नको होता. ती उपाशी होती आणि मी म्हटलं डोहाळे." डोहाळ्यांना अरबीत काय म्हणतात त्यांना ठाऊक नव्हतं, तो शब्द तसाच राहिला. बाईने माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत सांगायला गेलो आणि मला हुंदकाच आला. कशासाठी, तर एका गाईच्या डोहाळ्यांसाठी. माझं मलाच नवल वाटलं.

झाडवाली चिडली. रोपांवरून नाही. चाचांना म्हणाली, "तुम्ही उंट म्हणायला हवं होतं. आता मला लिहावं लागेल." आणि डोळे पुसत, पाय आपटत गाडीकडे गेली.

संध्याकाळच्या आत गाई बाहेर. चाचांनी कुणाला बोलावलं नाही, स्वतः हाकल्या. समुद्रावर जाऊन तारल्यांच्या गोण्या आणल्या, स्वतःच्या पाठीवर चढवल्या आणि गव्हाणी भरल्या. गाई तुटून पडल्या. म्हातारी चहा घेऊन आली. चाचांनी घेतला, आणि दोघं गव्हाणीशेजारी बसून गाई खाताना बघत राहिली.

पुढचं वर्ष वाईट गेलं, ते लांबवत नाही. खोंड बरेच गेले, गाई तेवढ्या ठेवल्या. हॉटेलचा शेफ एकदा वास घेऊन गेला तो पुन्हा आला नाही. चाचा दुकानात बसायचे, पण परीक्षा घेणं सुटलं होतं. कुकरवाल्यालाही मुकाट्याने द्यायचे, आणि आधीच सांगायचे, "यंदा वास हाय." मला ते बघवेना, म्हणून मी मधल्या काळात बोलावलं तरच जायचो.

मग सर्ब लागला आणि शटर पुन्हा खाली. मी म्हटलं, चरायला जागा नाही, आता हा माणूस वर कशाला गेला? सलालाच्या एका कोल्ड स्टोअरचं काम आलं होतं, ते उरकून मी वर गेलो.

गाई कुंपणाच्या बाहेर तारेला चिकटून उभ्या होत्या, सगळ्या रांगेत, माना आत. आणि आत, छातीएवढ्या गवतात, चाचा उकिडवे बसलेले. डोक्याला पंचा, पायात गमबूट, हातात विळा. भात कापायला बसतो तसे बसून रोपांभोवतीचं गवत कापत होते. मूठभर झालं की उठायचे, कंबर धरून तारेपर्यंत यायचे आणि पलीकडे टाकायचे. गाई खायच्या. चाचा परत जाऊन बसायचे. झाडवालीने मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली होती, वीतभर उंचीची.

"चाचा, वेडबिड लागलंय का? या वयात?"

"गाईला मनाई हाय," ते न उठता म्हणाले. "बाईला विचारलं, माणसाला हाय का? ती म्हणाली, माणसाचं कुठे काय लिहिलेलं नाय."

"सगळा डोंगर कापणार एकटे?"

"तू बोलत उभा राहिलास तर एकटाच कापणार."

तारेला फाटक होतं, तिथून मी आत गेलो. दुसरा विळा दगडावर पडलेलाच होता. खाली बसलो, गवताचा झुपका धरला आणि गावाकडच्या जुन्या सवयीने खसकन बुडापासून ओढला. चाचांनी माझं मनगट धरलं.

"बुडापासनं नको," ते म्हणाले. "चार बोटं ठेव. गाय ठेवते."